मजूर खात्याचे बाबासाहेब

सकाळच्या पाळीची लोणावळा लोकल खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी करत देहू रोडला पोचते, तेव्हा डब्यातली बरीचशी गर्दी ओसरलेली असते. या देहू रोडला एक बुद्धविहार आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा पावणेदोन वर्षांहून अधिक अवकाश होता. दर वर्षी त्या तारखेला तिथे माणसांची रीघ लागते. त्यात डेपोतले, कारखान्यातले, कंत्राटदाराकडचे असे कामगार आणि त्यांची कुटुंबेच अधिक असतात.

माझ्या बँकेतल्या नोकरीची बरीच वर्षे याच पट्ट्यात गेली. आम्हा बँकवाल्यांना बाबासाहेब ठाऊक असतात ते रुपयाच्या प्रश्नावरच्या त्यांच्या १९२३ सालच्या ग्रंथामुळे आणि हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी दिलेल्या साक्षीमुळे. पण काउंटरवर कर्जासाठी जी पगारपत्रके रोज माझ्या हाताखालून जात, त्यांतल्या रकान्यांशी या माणसाचा काही संबंध असेल हे मला फार उशिरा उमगले. जादा कामाचा दुप्पट दर, भरपगारी रजा, ई.एस.आय.ची कपात या प्रत्येक रकान्यामागे दिल्लीतले एक खाते होते आणि त्या खात्याचे प्रमुख १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब होते. (प्रॉव्हिडंट फंडाचे श्रेय मात्र त्यांना देऊ नये. तो कायदा १९५२ चा. महापुरुषाच्या खात्यात दुसऱ्याची रक्कम जमा करण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून सांगितले.)

राज्यघटनेचे शिल्पकार, चवदार तळे, धर्मांतर हे सारे आपल्या मुलांना शाळेत शिकवले जाते. मजूरमंत्री आंबेडकर मात्र पाठ्यपुस्तकातून निसटतात. आजचा मजकूर त्या निसटलेल्या आंबेडकरांविषयी.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला हा मुलगा लष्करातल्या सुभेदाराचा. पण त्याच्या वाढीची वर्षे गेली परळच्या चाळीतल्या एका खोलीत, गिरणगावात. त्या काळी मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात मजुरी चांगली मिळे आणि नेमके त्याच खात्यात अस्पृश्यांना काम मिळत नसे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाची अडचण. गिरणीमालकाला जात नको होती, त्याला कापड हवे होते. अडवणूक होती ती शेजारच्या मागावरच्या कामगाराची. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला. सगळी खाती आमच्या माणसांना खुली करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, नाहीतर संपात या असे मी त्यांना सांगणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण नाइलाजाने. कामगार म्हणजे एकजिनसी वर्ग, या समजुतीवर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही.

बावीस वर्षांचे बाबासाहेब सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर जुलै १९१३ मध्ये न्यू यॉर्कला उतरले. त्या वेळी तिथून जवळच असलेल्या पॅटरसन गावात रेशीम कामगारांचा पाच महिने चाललेला संप मोडत होता. संपकरी बहुतेक इटली आणि पोलंडहून आलेले. त्या काळात वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसे बोटींतून अमेरिकेत उतरत होती. कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र आणि जॉन ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञान शिकत तीन वर्षे काढलेल्या या विद्यार्थ्याने अमेरिका पाहिली ती अशी उघड्या दाराची. ते १९१६ मध्ये लंडनला गेले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून आशियाच्या मोठ्या भागाला दार बंद केले. त्यात हिंदुस्थान होता. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा ठरत नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. पुढे सरकारने या पंडितांचेच नागरिकत्व काढून घेण्यासाठी दावा लावला, पण तो मात्र पंडितांनी जिंकला. बाबासाहेब त्या वर्षी डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन मायदेशी परतले.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी काढलेल्या पक्षाचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलहांचे विधेयक आणले. तडजोडीची सगळी पायरी ओलांडल्याशिवाय संप केला तर तो गुन्हा, असा त्याचा मथितार्थ. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्यावर केलेले भाषण वकिली युक्तिवादाचा नमुना आहे. माणसाला काम करण्याची सक्ती करता येत नसेल, तर काम थांबवल्याबद्दल त्याला तुरुंगात कसे टाकता येईल, हा त्याचा गाभा. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. एरवी ज्यांच्याशी त्यांचे हाडवैर, ते कॉम्रेड डांगे आणि मंडळी त्या दिवशी कामगार मैदानावर त्यांच्यासोबत होती. पोलिसांनी गोळीबार केला. विधेयक मात्र मंजूर झालेच.

आणि मग जुलै १९४२. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून बाबासाहेब दिल्लीला गेले. पुढच्याच महिन्यात चले जावचा वणवा पेटला. गांधी-नेहरू तुरुंगात आणि आंबेडकर सरकारात, हा सल अनेकांच्या मनात अजून आहे. तो वाद इथे उकरत नाही. मला त्या खुर्चीत बसल्यावर या माणसाचे काय झाले ते पाहायचे आहे. कारण संपाचा हक्क मागणाऱ्याच्या हाती आता महायुद्धातले खाते होते. युद्धकाळात संपाला मनाई करून तंटा लवादाकडे पाठवण्याचा अधिकार सरकारला देणारा भारत संरक्षण नियमांतला ८१-अ हा नियम ते येण्याआधीच, जानेवारी १९४२ मध्ये लागू झाला होता. तो आता त्यांच्या खात्याने राबवायचा होता. १९३८ चे भाषण आणि १९४२ चा नियम एकाच माणसाच्या टेबलावर आले.

याहून कठीण प्रसंग कोळसा खाणींचा. भूमिगत खाणीत बायकांना उतरवण्यास १९३७ पासून पूर्ण बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडू लागला, मजूर खाणी सोडून लष्करी बांधकामांवर जाऊ लागले, तेव्हा सरकारने १९४३ मध्ये ही बंदी उठवली. मध्य प्रांत, बंगाल, बिहार इथल्या खाणींत बायका पुन्हा खाली उतरल्या. स्त्री संघटनांनी रान उठवले. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारवर टीकेची झोड उठली आणि सरकारची बाजू मांडायला उभे राहिले बाबासाहेब! मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेची बाजू ज्यांनी पूर्वी मांडली होती, तेच.

त्यांनी बचाव केला. ही तात्पुरती आपत्कालीन तडजोड आहे आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळणार आहे, यावर त्यांचा भर होता. तो बचाव मला आजही पटत नाही. पोट भरण्यासाठी बाई खाणीत उतरते तेव्हा समान मजुरी ही तिच्या खाली उतरण्याची भरपाई होत नाही. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या वादाआधी, डिसेंबर १९४३ मध्ये, हे मंत्री स्वतः धनबादकडच्या कोळसा खाणीत उतरले होते. वर येऊन त्यांनी मजुरांच्या खोल्या पाहिल्या. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला, त्यातून घरे, पाणी, दवाखाने यांची सोय व्हायची होती. खाणीतल्या बायकांच्या प्रसूती भत्त्याचा कायदा त्यांच्या काळात दोनदा सुधारला गेला. आणि १ फेब्रुवारी १९४६ पासून बायकांवरची ती बंदी पुन्हा लागू झाली. तेव्हाही खाते त्यांच्याकडेच होते. दिलेला शब्द पाळला गेला, पण मधली अडीच वर्षे ज्या बायका त्या अंधारात राबल्या त्यांची नावे कुठल्या दप्तरात नाहीत.

बाकीचा कारभार भराभर सांगता येईल. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाभोवती बसवणारी त्रिपक्षीय परिषद ऑगस्ट १९४२ मध्ये सुरू झाली. कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना आखण्याचे काम प्राध्यापक भा. प. अडारकरांकडे सोपवले गेले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. १९४८ चा ई.एस.आय. कायदा त्या अहवालातून उगवला. कामगारांच्या राहणीची पाहणी रेगे समितीने केली. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये सेवायोजन कार्यालये निघाली, ज्यांच्या खिडकीपुढे पुढे आपल्यातल्या अनेकांनी कार्डे काढली. किमान वेतनाचे विधेयक त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडले, कायदा झाला १९४८ ला. स्थायी आदेशांचा कायदा १९४६ चा. कारखान्यात कायम कोण, तात्पुरता कोण, बदली कोण, शिकाऊ कोण हे मालकाने लेखी ठरवून भिंतीवर लावावे, ही सक्ती त्याने आणली. बदली कामगार हा शब्द या पट्ट्यातल्या घरांना किती जिव्हारी लागलेला आहे, ते वेगळे सांगायला नको.

कामाच्या तासांविषयी मात्र थोडे थांबतो, कारण दंतकथा फार आहेत. एका बैठकीत, एका फटकाऱ्यात बाबासाहेबांनी आठ तासांचा दिवस आणला, असे सर्रास लिहिले जाते. घडले ते याहून कष्टाचे. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ तास होते. ते ४८ वर आणणारे आणि जादा कामाला दुप्पट दर देणारे दुरुस्ती विधेयक त्यांनी १९४६ मध्ये मांडले, मालकांच्या प्रतिनिधींचे आक्षेप झेलत मंजूर करून घेतले, आणि त्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून ते लागू झाले. आठवड्याला सहा तास वाचले. तेवढ्या तासांत बाप मुलाला शाळेत पोचवू शकतो.

त्यांचे एक काम मात्र अडून राहिले. अमेरिकेत १९३५ च्या वॅग्नर कायद्याने बहुसंख्य कामगारांच्या युनियनशी बोलणी करणे मालकावर बंधनकारक झाले होते. आपल्याकडे युनियन नोंदवता येत होती, पण मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे अशी सक्ती कुठल्याही कायद्यात नव्हती. नोव्हेंबर १९४३ मध्ये बाबासाहेबांनी युनियनला मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारे विधेयक आणले. मालकांना ते सक्तीमुळे नको होते. ते मते अजमावण्यासाठी फिरवले गेले, १९४६ मध्ये नव्या रूपात आले, १९४७ मध्ये मंजूर झाले आणि कधीही अंमलात आणले गेले नाही. मंजूर होऊनही जन्माला न आलेला कायदा! संपावर बंधने घालणारा औद्योगिक कलह कायदा मात्र त्याच वर्षी १ एप्रिलपासून लागू झाला, युद्धातल्या ८१-अ नियमाचा बराच अंश पोटात घेऊन. विलक्षण योगायोग असा की त्याच १९४७ च्या जूनमध्ये अमेरिकेनेही टाफ्ट-हार्टली कायदा करून युनियनांचे हात बांधले. ट्रूमन यांनी नकाराधिकार वापरला, पण काँग्रेसने तो धुडकावला.

महाराष्ट्रात मान्यतेची वाट १९७१ च्या राज्य कायद्याने मोकळी केली. केंद्राच्या कायद्यात ती यायला २०२० ची औद्योगिक संबंध संहिता उजाडली. ५१ टक्के कामगार पाठीशी असलेल्या युनियनशी बोलणी करायची, ही तरतूद नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. पण तोवर चाकणच्या कारखान्यांत कायम कामगारांपेक्षा कंत्राटी मुले कितीतरी ठिकाणी अधिक दिसू लागली होती. पटावर नाव एका कंत्राटदाराचे आणि काम दुसऱ्याचे असले, की ५१ टक्के मोजायचे कुणाचे? मी शाखेत नवा होतो तेव्हा जवळच्या एका मोठ्या कारखान्यात लांबलेला संप झाला. कारण पगाराचे नव्हते, कुठल्या युनियनशी बोलायचे याचे होते. कामगार येऊन मुदत ठेवी मोडत. एका फिटरने मुलीच्या नावची आवर्ती ठेव मोडली, सही करताना हात थांबला, आणि त्याने मला विचारले की पुन्हा सुरू करता येईल ना. त्या वेळी मला १९४३ च्या विधेयकाची माहिती असती तरी त्याला सांगण्यासारखे काय होते?

बाबासाहेबांनी मजूर खाते १९४६ च्या मध्यावर सोडले. त्याच जुलैत ट्रूमन यांनी एका कायद्यावर सही करून हिंदी माणसाला अमेरिकेत नागरिक होण्याचे दार किलकिले केले. वर्षाला शंभर जणांपुरते. इकडे तीन वर्षांनी बाबासाहेबांपुढे नेमका उलटा प्रश्न आला. लाखो निर्वासित सरहद्द ओलांडून येत होते. आपल्या पिंपरीतही सिंधी निर्वासितांची छावणी उभी राहिली होती. यांतला नागरिक कोण? १० ऑगस्ट १९४९ रोजी त्यांनी घटना समितीत नागरिकत्वाची कलमे मांडली आणि या कलमांनी मसुदा समितीला जेवढे छळले तेवढे कशानेही नाही, अशी कबुली दिली. कितीतरी मसुदे लिहिले आणि फाडले होते. विदर्भाचे पंजाबराव देशमुख यांनी धर्माच्या आधारे नागरिकत्व देणारी दुरुस्ती सुचवली, ती मान्य झाली नाही. घटनेत आले ते जन्म, वास्तव्य आणि तारीख. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेले निर्वासित आपोआप नागरिक, नंतर आलेल्यांनी नोंदणी करायची. आमच्या शाखेचे एक कापडवाले सिंधी खातेदार वडिलांचा तो नोंदणीचा कागद लॉकरमध्ये दागिन्यांच्या डब्याखाली ठेवत. दागिने मोडले, कागद राहिला.

सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. जानेवारी १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून ते लोकसभेला पडले. नारायण काजरोळकर निवडून आले. १९३८ चे सोबती डांगे त्या मतदारसंघात प्रतिस्पर्धी उमेदवार होते. प्रकृती खचलेली. पुढे राज्यसभेत जागा मिळाली, आणि मे महिन्याअखेर कोलंबिया विद्यापीठाचे निमंत्रण हाती होते, सन्माननीय डॉक्टरेटसाठी.

जून १९५२ च्या पहिल्या आठवड्यात ते पुन्हा न्यू यॉर्कमध्ये उतरले. ज्यांना भेटायची सर्वांत ओढ होती ते जॉन ड्यूई १ जूनला वारले होते. गुरूची भेट एखाद-दुसऱ्या दिवसाने हुकली. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की ट्रूमन यांनी संप टाळण्यासाठी पोलाद कारखाने ताब्यात घेतले ते घटनाबाह्य होते, आणि त्याच दिवशी साडेपाच लाखांच्या आसपास पोलाद कामगार संपावर गेले. तो संप ५३ दिवस चालला. कोलंबियाचे अध्यक्ष जनरल आयझेनहॉवर दीर्घ रजेवर होते आणि ४ जूनला कॅन्सासमधल्या आपल्या गावी त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचाराचा नारळ फोडला. ५ जूनला बाबासाहेबांना पदवी मिळाली. ते परतले, आणि २७ जूनला काँग्रेसने ट्रूमन यांचा आणखी एक नकाराधिकार मोडून स्थलांतराचा मॅकॅरन-वॉल्टर कायदा पक्का केला. नागरिकत्वातली वंशाची अट त्याने काढली, पण देशवार वाटे तसेच ठेवले. हिंदुस्थानला शंभरच. आपल्या घराघरांतले इंजिनियर तिकडे जाऊ लागले ते १९६५ साली हे वाटे रद्द झाल्यावर.

संपाचा हक्क, युद्धकाळातले सरकार, नागरिक कोण, हे तिन्ही प्रश्न त्या महिन्यात अमेरिकेपुढे उभे होते आणि त्या तिन्हींशी सरकारी खुर्चीत बसून झुंजलेला माणूस त्याच शहरात गाऊन घालून एका पदवीसाठी उभा होता. तिथल्या वर्तमानपत्रांना याचे काही वाटले असेल असे नाही. त्यांचे रकाने पोलादाने भरलेले होते.

पुढची चार वर्षे मधुमेह, दुखरे पाय आणि बुद्धावरचा ग्रंथ यांत गेली. तळेगाव दाभाड्याला त्यांचे एक लहानसे घर होते. १९५४ च्या डिसेंबरात रंगूनच्या बौद्ध परिषदेहून आल्यावर ते देहू रोडला आले. पिंपरीत पेनिसिलीनचा सरकारी कारखाना त्याच वर्षी आकार घेत होता. चिंचवड-आकुर्डीच्या माळांवर अजून ज्वारी होती. समोर बसलेली माणसे डेपोची, रेल्वेची, गिरण्यांची होती.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. विमानाने देह मुंबईला आणला. ७ डिसेंबरला गिरण्या, गोदी आणि रेल्वेच्या कारखान्यांतले हजारो कामगार कामावर गेले नाहीत. कुणी संपाची हाक दिलेली नव्हती. ते दादरच्या चौपाटीकडे चालत निघाले होते.